उजवा शोधत आहे

इक्रा म्हणते, काकू, दोन्ही यंत्रं आधी डबीत ठेवा,
झाकण लावा, दहा मोजा, मग बाहेर काढा.
मी मोजते. कुर्ला कोर्टात एकतीस वर्षं
लोकांचे शब्द मोजले, दहा म्हणजे काय.

कॉम्प्युटरवर यादी उघडते.
सावंत टीव्ही. डिमेलो स्पीकर.
कुणाचं तरी घड्याळ, नुसत्या आकड्यांच्या नावाचं.
नेहरूनगरच्या या इमारतीत
भिंतीपलीकडे कोण कशावर काय ऐकतं
ते मला आज पहिल्यांदा कळतंय,
आणि तेही वाचून.

सगळ्यांच्या खाली माझे कान.
डावा, जोडला आहे.
उजवा, शोधत आहे.

बराच वेळ शोधतोच आहे.
इक्रा माझा मोबाइल उचलते नि जीभ चावते.
यानंच धरून ठेवलाय, सोडत नाहीये.
मग इकडून सोडवायचा, तिकडे द्यायचा,
भांडणाऱ्या दोघांमधून पोर ओढून काढावं तसा.

इतके दिवस मी पडद्याखालच्या पट्टीवर भागवलं.
दिगू बार्शीहून बोलायचा, पट्टीवर अक्षरं उमटायची.
माझंच काम ते, बिनपगारी.
तो म्हणाला असेल पाटाला पाणी आलं,
पट्टी लिहायची पाटलांना राणी आली.
असला ड्राफ्ट मी साहेबांपुढे नेला असता
तर दुसऱ्या दिवशी घरी बसले असते.
म्हणून पट्टी सोडली.
त्याच्या मिशीकडे बघायचे.
मिशी थांबली की मान हलवायची.

उजव्यात बारीक टिंग.
आता एकाच नावाच्या दोन ओळी दिसतात.
एक नुसतं ऐकण्याची, तिच्यात आवाज भरदार.
दुसरी ऐकून उत्तर देण्याची, तिच्यात आवाज पत्र्याचा.
व्हिडिओ कॉलला दुसरीच घ्यावी लागते, इक्रा सांगते.
खरं आहे.
उत्तर द्यायचं म्हटलं की माणसाला जरा कमीच ऐकू येतं.
पिंजऱ्यातल्या साक्षीदारांचंही तसंच व्हायचं.

"अक्का, दिसतेस. येतंय का ऐकू?"

दिगू थेट कवटीच्या आत.
दर 'स'ला त्याची कवळी टचकते.
मागे पंखा. पंख्यामागे कुणीतरी धुणं आपटतंय.
त्याच्या बाजूला एवढं सगळं चाललेलं असायचं,
आणि आठ महिने मी एक मिशी बघत होते.

"तू हो म्हणालीस तेव्हाच दिलं मशीन.
आईचं गं. कोपऱ्यावरच्या त्या मुलीला. छान चालवते."

कुठलं हो.
कधी म्हणाले.

म्हणाले असेन. मान हलली असेल.
कोर्टात मानेचा होकार चालत नसे.
साहेब सांगायचे, तोंडानं बोला बाई,
स्टेनोला मान ऐकू येत नाही.
त्या शिलाई मशीनच्या खाली,
पॅडलच्या जाळीशी पाठ टेकून
मी पाढे पाठ केले.
वर सुई थांबली की आई आता काहीतरी बोलणार,
हे मला आधीच कळायचं.

शेजारी इक्राचे ओठ हलतायत.
कॉल कानात आला की खोली बंद होते,
हे तिनं मघाशी सांगितलं होतं.
मी तिला हातानं थांब म्हणते,
टेबलाच्या खणातून वही ओढते, पेन्सिल शोधते.
टोक बोथट आहे. चालेल.

परत सांग दिगू, पहिल्यापासून.
मी काय म्हटलं होतं, कुठल्या महिन्यात,
त्या मुलीचं नाव काय,
आणि ती काय शिवते त्यावर.
हळू बोलू नकोस.
मी एकशेवीसच्या वेगाची आहे.